चार बोटं उंच सीट

मोएकेत्सी त्लादीची लाल गुशेशे माझ्या दारात थांबली तेव्हा मी एका टॅक्सीच्या मागच्या सीटला टाके घालत होतो. मान वर करायची गरज नव्हती. चौकोनी तोंडाची ती जुनी बीएमडब्ल्यू तीन गल्ल्या आधीच ओळखू येते, सेबोकेंग ह्या काळ्यांच्या वस्तीतल्या आमच्या झोनमध्ये शेंबड्या पोरालाही येते. मोएकेत्सी उतरला, दार हळूच लावलं, टपावर हात ठेवला आणि म्हणाला, "फाकिसो, डावीकडची सीट चार बोटं उंच करून दे."

"का? मा-रेफिल्वे बुटक्या झाल्या का?"

"चेष्टा नको. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय ना. डॉक्टर म्हणतो, बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. ह्या सीटवर तो कानाला लागतो."

"मग उंच गाडी घे. तुझी मुलगी कधीपासून कानीकपाळी ओरडतेय."

"रेफिल्वेला म्हणावं, आधी बाप बदल, मग गाडी."

"मी कशाला म्हणू? मुलगी तुझी, बाप तू."

यावर तो हसला नाही. रेफिल्वे नर्स आहे, आईच्या ऑपरेशनला रजा घेऊन आली होती, आणि जाताना बापाला बजावून गेली होती की आई आता त्या डब्यात बसणार नाही. डबा हा शब्द त्याच्या जिव्हारी लागला होता. त्याने मला तो तीनदा सांगितला.

मी चाळीस वर्षं सीटा शिवतोय. नव्या गाड्यांच्या सीटा मला बघवत नाहीत, चामडं म्हणून जे काही लावतात ते दोन उन्हाळ्यांत कांद्यासारखं सुटतं. जुन्या सीटचं तसं नसतं. ती उलटी केली की माणूस कळतो. कोण एका कुशीवर रेलून चालवतो, कोण चिडला की दाराच्या कडेवर कोपर आपटतो, कोणाची बायको पाकिटातले हेअरपिन सांडते, सगळं मला कळतं आणि मी कोणाला सांगत नाही. माझं गिऱ्हाईक टिकलंय ते टाक्यांमुळे निम्मं आणि तोंड बंद ठेवल्यामुळे निम्मं.

मोएकेत्सीला तर मी सीट न उलटवता ओळखतो. एकतीस वर्षं त्याने नदीपलीकडच्या पोलादाच्या कारखान्यात भट्टीसमोर काढली. बोलणं कमी, दारू नाही, चर्चमध्ये खालच्या पट्टीतला आवाज त्याचा. ही गाडी त्याने ब्याण्णव साली घेतली, एका दातांच्या डॉक्टरकडून, दोन वर्षं वापरलेली. त्या दिवशी सगळी गल्ली बाहेर आली होती. पहिल्या वर्षी पोलिसांनी त्याला इतक्या वेळा थांबवलं की तो कागदपत्रं कोटाच्या खिशातच घेऊन फिरायचा. तेव्हा गोऱ्यांचं राज्य, काळ्या माणसाकडे अशी गाडी म्हणजे ती चोरीचीच असणार, असं धरून चालायचे सगळे. तो शांतपणे कागद दाखवायचा, शांतपणे खिशात ठेवायचा, आणि मग पुढच्या वळणापर्यंत असा निघून जायचा की पोलिसाच्या टोपीवर धूळ बसावी.

माझा धाकटा मुलगा ह्या गाडीमुळे जगला. बायकोला अवेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मोएकेत्सीने तिला अकरा मिनिटांत दवाखान्यात पोहोचवलं. तो रस्ता पंचवीस मिनिटांचा आहे. त्यामुळे ह्या गाडीबद्दल मी बोलतो तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आणि अजून एक गोष्ट आहे. आमच्याकडे गाडीवेडा माणूस गेला की त्याला चुपचाप पुरत नाहीत. पेटी घरातून निघाली की मित्राने रस्त्याच्या मधोमध गुशेशे गरगर फिरवायची, टायरमधून धुराचे लोट निघाले पाहिजेत, आवाज पार शेवटच्या घरापर्यंत गेला पाहिजे. धुराने सगळ्यांचेच डोळे झोंबतात, त्यामुळे रडणाऱ्या पुरुषांची आपोआप सोय होते. आम्ही पाच मित्र. पाचही जणांनी एकमेकांना शब्द दिला होता. तिघांना मोएकेत्सीने ह्याच गाडीने निरोप दिला. आता उरलो आम्ही दोघं, आणि गाडी एकच.

त्या तिन्ही वेळा त्याची बायको डिसेबो, म्हणजे रेफिल्वेची आई म्हणून मा-रेफिल्वे, त्याच्या शेजारी गाडीत बसलेली होती. इतरांच्या शेजारी बसणारे खिडकीतून अर्धे बाहेर लटकतात, टपावर हात मारतात. डिसेबो चर्चच्या बायकांच्या गणवेशात, लाल झगा, पांढरी कॉलर, पांढरी टोपी, मांडीवर पर्स घेऊन सरळ समोर बघत बसायची. गाडी भोवऱ्यासारखी फिरतेय आणि बाई प्रवचन ऐकत असल्यासारखी बसलीय. टोपीसुद्धा हलायची नाही. लोकांनी तिचं नाव त्शेपे पाडलं होतं. त्शेपे म्हणजे लोखंड. मोएकेत्सीला त्याचा केवढा अभिमान. "माझी बायको कशाला घाबरत नाही," तो सांगायचा, "फक्त तिला घाण सहन होत नाही. बघ ना, दर दोन वर्षांनी स्वतःच्या पायाखालची मॅट नवी आणते. माझ्यासाठी नाही आणत हां, फक्त स्वतःसाठी. इतकी कंजूष."

आम्ही हसायचो. मीही हसायचो.

तर तो गाडी ठेवून गेला. बुधवारी सकाळी मी डावीकडची सीट सोडवायला घेतली. चार बोल्ट, त्यातला मागचा एक गंजलेला, त्याने माझा तास खाल्ला आणि माझ्या तोंडून चर्चमध्ये चालणार नाहीत असे शब्द काढले. सीट बाहेर आली. खाली सापडलं ते नेहमीचंच, दोन हेअरपिन, मलमाची रिकामी डबी, प्रार्थनेच्या पुस्तकाचं एक पान. मग झटकायला म्हणून मॅट उचलली.

मॅटखालच्या कार्पेटला भोक होतं. माझ्या तळहाताएवढं, लांबट. उंदराने कुरतडलेलं नव्हतं, ओलीने कुजलेलं नव्हतं, घासून घासून पडलेलं होतं. कार्पेट गेलं होतं, खालचा नमदा गेला होता, त्याखालच्या पत्र्यावरचा रंगही गेला होता आणि पत्रा चमचा घासावा तसा चकचकीत झाला होता. मी गुडघ्यांवर बसून बघत राहिलो. भोक उजव्या पायाच्या जागी होतं. टाच टेकते तिथे खोल, आणि पुढे, चवडा दाबतो तिथे त्याहून खोल.

ज्याने कधी स्टिअरिंग धरलंय त्याला ती जागा कळते. चालकाच्या बाजूला नेमका तिथे ब्रेक असतो.

मी सीट सोडून चहा टाकला. नवी मॅट दर दोन वर्षांनी का लागायची ते मला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी बायकांची प्रार्थना असते. ती आटोपून डिसेबो तशीच लाल झग्यात, काठी टेकत माझ्याकडे आली. टॅक्सीने आली असणार, बुटांवर धूळ होती. मी तिला नीट उंच स्टूल दिलं. ती बसली आणि अंगणात एकटी पडलेल्या सीटकडे बघत राहिली.

"न्ताते फाकिसो," तिने आमच्या रीतीने मान देऊन हाक मारली, "मॅट उचललीत का हो?"

"उचलली."

"मग बघितलंत."

"बघितलं, मा-रेफिल्वे."

तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. "तसल्याच कापडाचं ठिगळ मिळतं ना? लावून टाका. आणि रेफिल्वेच्या बाबांना सांगू नका."

"एवढी भीती वाटायची?"

"वाटायची तर. गाडी आणली त्या दिवशी पहिल्यांदा बसले तेव्हापासून. पुढच्या वळणाला आपण मरणार, दर वेळी हेच. चर्चपर्यंतसुद्धा."

"आणि आम्ही तुम्हाला त्शेपे म्हणत राहिलो."

"म्हणा की. लोखंडाला कोण विचारतं, घाबरलंस का म्हणून?"

मी म्हणालो, एकदा तोंडाने सांगायचं ना, माणूस काय राक्षस आहे का. तिने मांडीवरची काठी सरळ केली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही कारखान्यात नव्हता ना, न्ताते. चाळिशीचा बाप्या, दोन पोरं मातीत पुरलेला, एक वाढवत असलेला. तिथे त्याला दिवसभर 'ए पोरा' म्हणून हाक मारायचे. त्याच्या मुलाच्या वयाची गोरी माणसं. घरी यायचा तेव्हा खांदे इथे." तिने कानाशी हात नेऊन दाखवलं. "मग गाडी काढायचा. पंधरा मिनिटांनी परत यायचा तेव्हा माझा नवरा असायचा. त्याला काय सांगू, हळू चालव म्हणून?"

"पण अंत्ययात्रेत गाडी फिरवताना आत कशाला बसायचात? तेव्हा तरी उतरायचं."

"मी आत असले की तो सहा फेऱ्या मारायचा," डिसेबो म्हणाली. "उतरले असते तर दहा मारल्या असत्या."

नाही सांगणार, असा मी शब्द दिला. ती गेली, आणि मी माझ्यावरच चिडलो. तिघांच्या अंत्ययात्रेत मी त्या धुरात उभा राहून मोजलं होतं, सहाच फेऱ्या का, ह्याचं वय झालं वाटतं, अशी कुजबुजही केली होती.

आता खरी पंचाईत माझी होती. ठिगळ लावणं हा माझा धंदा. असं लावलं असतं की देवालाही सांधा दिसला नसता. सीट चार बोटं उंच झाली असती, डिसेबो पुन्हा तिच्यात बसली असती, गाडी गल्लीत राहिली असती, आणि एक दिवस माझी पेटी निघाली असती तेव्हा माझ्यासाठी धूर झाला असता. मला तो धूर हवा आहे. लाज वाटत नाही सांगायला. दुसरीकडे ती बाई, नवा खुबा घालून, त्याच भोकात पाय रोवून बसणार होती. डॉक्टरने गुडघ्याचं सांगितलं होतं, पण पायाने पत्रा दाबत राहिलं तर नव्या खुब्याचं काय होतं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी मी ठिगळ कापलं. रंग जुळवला, कडा तासल्या. जागेवर ठेवून बघितलं, झकास बसलं. गोंदाचा डबा उघडला आणि परत बंद केला.

शनिवारी सकाळी मोएकेत्सी आला. सीट बसवलेली होती, नेमकी चार बोटं उंच. तो वाकून बघायला लागला. मी म्हणालो, "नुसतं बघून काय कळणार? बसून बघ."

"डिसेबो बसेल की."

"तिच्या नव्या खुब्यावर प्रयोग करणार का? तू बस. मी चालवतो. हलली तर आत्ताच कळेल."

ही किल्ली त्याने कधी कोणाला दिली नाही. भावाला दिली नाही, जावयाला दिली नाही. माझ्या तळहातावर ठेवल्यावरही त्याने दोन बोटं तिच्यावरून काढली नव्हती. मग सवयीने उजव्या दाराकडे गेला, तिथे मी उभा होतो, तेव्हा त्याला वळसा घालून डावीकडे जावं लागलं. बसला. इकडेतिकडे बघितलं.

"इथून बॉनेट वेगळंच दिसतं," तो म्हणाला.

एकोणतीस वर्षांत तो त्या सीटवर पहिल्यांदा बसला होता.

मी गाडी काढली. पाण्याच्या टाकीपर्यंत सभ्यपणे नेली. टाकीपासून पुढे तो जशी चालवतो तशीच चालवली, जास्त नाही, कमी नाही. वळणावर मागचं चाक जरासं सुटलं, ते तो नेहमी सोडतो. "सावकाश," मोएकेत्सी म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. कोपऱ्यावरून एक टॅक्सी मध्ये घुसली, मी अगदी शेवटी ब्रेक मारला, त्याच्यासारखाच. त्याचा एक हात दाराच्या कडीवर गेला. मग मी चर्चमागच्या मोकळ्या मैदानात शिरलो आणि गाडी फिरवली. मी काही त्याच्यासारखा उस्ताद नाही. तीन फेऱ्या झाल्या असतील. थांबलो तेव्हा धुळीत समोरचं काही दिसत नव्हतं.

तो खाली बघत होता. मॅट मी परत घातलीच नव्हती, न चिकटवलेलं ठिगळ सरकून बाजूला गेलं होतं आणि त्याचा उजवा पाय त्या भोकात होता. टाच टाचेच्या जागी, चवडा चवड्याच्या जागी. अजून दाबूनच धरला होता.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"डिसेबोचा ब्रेक."

त्याने पाय हळूच बाजूला घेतला, वाकून बोटाने पत्रा चाचपला. बराच वेळ चाचपत होता. "ती मॅट आणायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिला स्वच्छता आवडते."

मी डिसेबोला दिलेला शब्द मोडला नाही, त्याने विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, असं मी स्वतःला बजावतो. कधी कधी ते पटतं.

"सहा फेऱ्या," तो मध्येच म्हणाला. "ती आत बसली की माझ्याकडून सहाच व्हायच्या. आपोआप. मला वाटायचं, माझं मन भरलं." मग दार उघडून उतरला आणि गाडी, किल्ली, मी, सगळं तिथेच ठेवून पायी घरी गेला. तो त्या रस्त्याने पायी चाललेला मी आधी कधी बघितला नव्हता. बायका दारात येऊन विचारत होत्या, गाडी बंद पडली का, न्ताते त्लादी. तो फक्त हात हलवत होता.

घरी काय बोलणं झालं मला माहीत नाही. मंगळवारी तो आला आणि म्हणाला, "सीट परत खाली घे."

मी उडालोच. "मग मा-रेफिल्वे कुठे बसणार?"

"दुसऱ्या गाडीत. घेणाऱ्याला ही मूळ उंचीची हवीय."

घेणारी होती. न्थातिसी नावाची, शार्पव्हिलची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, शनिवार-रविवारी मैदानात गाडी गरगर फिरवणारी. तिने गाडीखाली आडवं पडून, इंजिनावर कान ठेवून गाडी तपासली. मोएकेत्सी बाजूला उभा राहून मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांकडे बापाने बघावं तसा बघत होता. शेवटी म्हणाला, "एक अट आहे. दोन अंत्ययात्रांना यायचं. माझ्या आणि ह्याच्या."

"येईन की, न्ताते. कधी?"

"घाई आहे का तुला?" मी म्हणालो. ती तोंडावर हात ठेवून हसली. आधी कोण, एवढं तरी सांगा, म्हणाली. त्यावरून आमचं दोघांचं तिच्यासमोरच थोडं वाजलं.

कार्पेटचं भोक तिने बघितलं तेव्हा मी ठिगळ पुढे केलं. मोएकेत्सीने माझा हात मागे सारला. "नको. तसंच राहू दे," तो तिला म्हणाला. "शेजारी कोणी बसलं तर अधूनमधून तिकडे बघत जा."

ती गाडी घेऊन गेली. पहिल्या गल्लीत, दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या गल्लीत आवाज येत राहिला, मग आला नाही. मला रडू आलं. मोएकेत्सीला आलं नाही, किंवा त्याने येऊ दिलं नाही. धूर नव्हता ना.

नवी गाडी करड्या रंगाची आहे, उंच, मक्याच्या पिठाच्या गोणीसारखी. चालू आहे की बंद, तेसुद्धा कळत नाही. गल्लीत शिरते तेव्हा कोणी मान वर करत नाही. सीटा तसल्याच, दोन उन्हाळ्यांनी माझ्याकडे येणार. मी तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, येऊ देत, पैसे घेऊ नको म्हणजे झालं.

परवा रविवारी डिसेबोच्या बहिणीकडे झामडेलाला जायचं होतं. मला म्हणाले, चल, घरी बसून काय करतोस. मी मागे बसलो. मोएकेत्सी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून चालवत होता. नदीवरच्या पुलाशी आलो तेव्हा डिसेबोची मान एकदम एका बाजूला कलली. त्याने घाबरून वेग कमी केला आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

"काय झालं तिला? बघ ना."

मी पुढे वाकलो. तिचं तोंड थोडं उघडं होतं. टोपी वाकडी झाली होती. उजवा बूट निम्मा निघाला होता, आणि पाय मॅटवर आडवा, सैल पडला होता.

"झोपलीय," मी म्हणालो.

"ती गाडीत झोपत नाही."

"झोपलीय, मोएकेत्सी."

झामडेलाचा फाटा आला. तो वळला नाही, तसाच सरळ चालवत राहिला. मी म्हटलं, अरे फाटा गेला.

"वळलो तर जागी होईल," तो म्हणाला.